गरब्याच्या पासांची सकाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसात कोण शिंकलं तेही सांगतो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐकून घ्या.

बडोद्याच्या रावपुऱ्यात एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. वेबसाइटी करून द्यायचो. इंटरनेट बडोद्यात नवं होतं, तेव्हा मी एक फ्रेमवर्क लिहिलं — लॉगिन, फॉर्म, याद्या यांचा तयार सांगाडा, की प्रत्येक साइट त्याच्यावर उभी करायची. ऑफिसात तो माझ्याच नावाने ओळखला जायचा. मला ते फार आवडायचं. नको तितकं.

पुढे काही वर्षांनी शहरातल्याच वाडी भागातली मेधा कामाला आली. मला दादा म्हणायची. तिने बघता बघता ओळखलं, की नव्या मोबाइलवर माझा सांगाडा लंगडतो, काही जोडायचं तर जागोजाग ठिगळं लावावी लागतात. खरं सांगू? मला ते तिच्याआधी कळलं होतं. पण कबूल कोण करणार — मी? तिने जगभर वापरात आलेलं एक नवं फ्रेमवर्क शिकून घेतलं, आमच्या शेठना पटवलं. नवरात्रातल्या गरब्याचे पास त्याच्यावर विकायचे ठरले. पासांवरून अख्खं बडोदं कसं वेडं होतं, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. साइट बंद पडली, तर शेठ तिला ठेवणार नव्हते. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

सर्वरचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. "दादा, सर्वरवर कंई वांधो नाही ने?"

इथे आलो की मी अडखळतो — कारण वांधा होता. तिचं फ्रेमवर्क फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाची एक तात्पुरती फाइल सर्वरवर ठेवायचं. अशा फायलींच्या संख्येवर मीच कधीतरी मर्यादा घालून ठेवली होती. माझ्या सांगाड्याला त्या लागतच नसत. चार जणांनी करून पाहिलेल्या चाचणीत हे दिसणार नव्हतं. गर्दी झाली की दिसणार होतं.

मी म्हणालो, "कंई वांधो नाही."

विसरलो होतो का? नाही. मला ती तोंडघशी पडायला हवी होती.

सकाळी विक्री सुरू झाली आणि साइट आडवी झाली. फोन थांबेनात, शेठ ओरडत होते. मेधा पांढरीफटक पडून आपल्या कोडमधली चूक शोधत होती — नसलेली चूक. मी तिच्या मागे उभा राहून पाहत होतो. मग मी जुना सांगाडा पुन्हा चढवला, पास विकले गेले. शेठनी माझी पाठ थोपटली, "आ नवुं-नवुं हवे बंध!" म्हणजे हे नवं-नवं आता बंद. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ती मर्यादा काढून टाकली, म्हणजे पुढे कुणाला सापडायला नको.

पुढे जुन्यावर चालेनासंच झालं. तेव्हा सगळ्या साइटी तिच्याच त्या फ्रेमवर्कवर मी नेल्या. लोक म्हणाले, हा माणूस काळाबरोबर चालतो. मी ते ऐकून घेतलं. लाज वाटली का? वाटली. बोललो का?

मेधाने तोवर हे काम कायमचं सोडलं होतं. शहरातल्या समा भागातल्या एका शाळेत ती फीच्या पावत्या फाडते. ऑफिस सोडताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "दादा, तुम्ही होतात म्हणून त्या दिवशी निभावलं. मला हे काम जमत नाही, हे आधीच कळायला हवं होतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे, चुका होतात."