खंडेनवमीचा लॅपटॉप

भावाने बदलापूरहून सीडी पाठवली तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे काम सरळ होणार नाही.

लॅपटॉपही त्याचाच. त्याला ऑफिसने नवा दिला म्हणून जुना आमच्याकडे आला, लालबागला, कारण आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या वस्तू शेवटी इथेच येतात. त्यातली सिस्टीम इतकी जुनी की मला जी परीक्षा द्यायची होती तिचं पानसुद्धा उघडेना. नवीन सिस्टीम टाका, मग या, असं स्क्रीनवर येऊन थांबायचं. भावाला फोन केला तर म्हणाला, "सीडी पाठवतो. आत घाल आणि नेक्स्ट नेक्स्ट करत जा." सीडी आली. मी लॅपटॉप उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, पालथा घालून पाहिला. सीडी घालायला जागाच नाही. पुन्हा फोन. "अगं हो, त्याला ड्राइव्हच नाही, विसरलोच," म्हणाला आणि हसला. बदलापूरला बसून हसायला काय जातं? मी बाबांच्या खाटेला टेकून उभी होते, मला काही हसू आलं नाही.

आमची चाळीतली खोली एकच. दारातून आत आलं की डावीकडे बाबांची खाट, समोर ओटा, ओट्याला लागून मोरी, आणि मधल्या जमिनीवर बाकी सगळं. बाबा मिलमध्ये लूमवर होते. मिल गेल्यावर वॉचमनकी केली, पण घरी बसले नाहीत. मग एक दिवस मोरीच्या तोंडाशी पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि माणूस बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन बिनधास्त चाला. पण मनात भीती बसली ती बसली. माझा हात धरल्याशिवाय ते खाटेवरून पाय खाली ठेवत नसत. मी दूध आणायला चपला घातल्या की मागून आवाज यायचा, "कधी येतलस?" अजून मी गेलेलीही नसायचे.

ठाकूरद्वारला औषधांच्या एका घाऊक दुकानात मी बरीच वर्षं बिलं करत होते. बाबांसाठी ती नोकरी सोडली. लोक म्हणतात, लग्न नाही केलंस तेच बरं झालं, बापाला आधार झाला. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तोंडाने मी हो हो म्हणते. बाबांवर माझा जीव आहे. कोणी विचारलं नसलं तरी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून वाटेल की नाही. पण दिवसच्या दिवस एकाच माणसाच्या खोकल्याकडे कान लावून बसायचं, घड्याळ बघायचं ते गोळ्यांसाठी, गॅलरीत उभं राहायचं ते आत हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. भर दुपारी, दार सताड उघडं असताना, मला गुदमरायचं.

अशात कळलं की परळच्या एका कंपनीत विम्याचे कागद तपासायला माणसं घेतायत. वयाची अट नाही. परीक्षा घरून द्यायची, पास झालं की ऑफिसला जायचं. ऑफिस पुलापलीकडे, चालत जाण्यासारखं. समोरच्या काकूंशी बोलूनही ठेवलं. दिवसा बाबांकडे त्या बघणार, दुपारी ताट त्या वाढणार. एकदा भाजीच्या निमित्ताने जाऊन मी ती इमारत खालून बघून आले. गळ्यात ऑफिसचे पट्टे घातलेल्या चार बायका टपरीवर चहा पीत कसल्या तरी गोष्टीवर खिदळत होत्या. मला हवी होती ती नोकरी एवढ्यासाठीच. सकाळी दार ओढून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत कोणाची मुलगी नसायचं.

भावाने मग सांगितलं की सिस्टीम पेनड्राइव्हवरूनही टाकता येते, फक्त तो आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरून घ्यावा लागतो. अष्टमीच्या संध्याकाळी काकूंना बाबांपाशी बसवून मी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे पळाले. त्याच्याकडे नवरात्राच्या बॅनरवाल्यांची ही गर्दी. तरी त्याने पेनड्राइव्ह भरून दिला आणि बजावलं, "ताई, एकदा सुरू केलं की लॅपटॉप आपोआप बंद होऊन परत चालू होईपर्यंत हा हलवायचा नाही. मधेच निघाला तर जुनी गेलेली असेल आणि नवी आलेली नसेल." परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती. म्हटलं, उद्याचा अख्खा दिवस आहे, आरामात करू.

नवमीला सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले तर लॅपटॉप देवापुढे पाटावर. बाबांनी काकूंकडून मांडणी करून घेतली होती. विळी, कात्री, बाबांचा मिलमधला सूत ओढायचा आकडा, आणि मधोमध माझा लॅपटॉप, झेंडूची माळ घालून. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचा नैवेद्य होईपर्यंत उचलत नाहीत. हे मला माहीत होतं. लॅपटॉप हत्यारांत धरतात हे माहीत नव्हतं.

"बाबा, मला तो आजच लागणार आहे."

"आज त्येका हात लावू नको. मिलात आमी ह्या दिवशी मशिनीक हात लावलो नाय कधी."

"मिलमध्ये तुमची परवा परीक्षा नसायची."

"तुझ्या परीक्षेसाठीच तर बसवलंय," बाबा म्हणाले.

भांडायचं तर समोरचा माणूस आपल्याच बाजूचा. बाबांना मी ऑफिसला गेलेली नको होती, हे मला माहीत होतं. तरी माझ्या परीक्षेसाठी त्यांनी खाटेवर बसून पूजा केली होती. आता मी तो लॅपटॉप त्यांच्या डोळ्यांदेखत कसा उचलू? त्यांची खाट देवासमोरच. म्हटलं, दुपारी डोळा लागेल तेव्हा हळूच घेऊ. बाबा डोळे मिटत आणि मी जरा हलले की उघडत. शेवटी मी भिंतीला पाठ लावून बसले. माळेतली फुलं कोमेजत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवशी मी बाबांवर इतकी चिडले होते की जेवताना एक शब्द बोलले नाही. त्यांनी दोनदा मीठ मागितलं, दोन्हीदा मी वाटी नुसती सरकवली.

दसऱ्याला नैवेद्य झाला, पोळीचा घास तोंडात होता तेवढ्यात बाबा म्हणाले, "आता घे." मी हात धुऊन लॅपटॉप उचलला, फुलं काढली, पेनड्राइव्ह लावायला गेले. जाईना. उलटा केला, तरी जाईना. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं तर आत तांदळाचा एक लालभडक दाणा, कुंकवासकट घट्ट वाळलेला.

"अक्षता कुठे वाहिल्यात तुम्ही?"

"सगळीकडे," बाबा म्हणाले. मिलमध्ये मशीनला जिथे जिथे तेल घालायचं भोक असे तिथे तिथे हळद-कुंकू लावून अक्षता वाहायची पद्धत होती. लॅपटॉपलाही त्यांनी बाजूने बोट फिरवून भोकं शोधली होती, एकही सोडलं नव्हतं. मी सेफ्टी पिनने दाणा उकरायला गेले, तो आणखी आत गेला. कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या बाजूच्या भोकातला दाणा टिचकीसरशी गळून पडला, पण ते भोक भावाने वापरून वापरून सैल केलेलं. पेनड्राइव्ह नुसता लावला की सुटायचा, बोटाने एका बाजूला दाबून धरला की लागायचा. म्हटलं, धरू. धरण्याशिवाय आपण दुसरं काय करतो?

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, प्लग खाटेच्या पायाशी, वायर आखूड. म्हणजे मी खाटेच्या पायाशी मांडी घालून, उजव्या अंगठ्याने पेनड्राइव्ह दाबून, डाव्या हाताने बटणं मारत बसले. जुनं पुसू का, असं त्याने विचारलं. पूस म्हटलं. पुसलं. फायली उतरायला लागल्या आणि टक्क्यांचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकायला लागला. आता मागे जायची सोय नव्हती आणि मला उठायचीही.

आणि दसरा! आमच्या चाळीत त्या दिवशी दार लावलेलं चालत नाही. सोनं द्यायला पहिल्या मजल्यापासून सगळे येणार. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मी बसल्या जागेवरून मान हलवली. "उठत का नाहीस गं, पाय दुखतायत का?" असं विचारून एकीने आपट्याची पानं माझ्या डोक्यावर ठेवली, दुसरीने मांडीत. म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडायचं तर तेही नाही. गॅलरीच्या टोकाचे आजोबा दारात माझ्या वाकण्याची वाट बघत उभे राहिले आणि मग तसेच गेले. त्यांना राग आला असणार. मी काय सांगू, अंगठा अडकलाय म्हणून? पायाला मुंग्या येऊन पाय आहे की नाही तेही कळेनासं झालं होतं. काकू आल्या त्या बाबांना सोनं देऊन, मला हसून, नातेवाइकांकडे भायखळ्याला निघून गेल्या.

त्या गेल्या आणि बाबा म्हणाले, "माका मोरीत जाऊचा हा."

"बाबा, थोडं थांबाल?"

"किती?"

आकडा निम्म्यावरही नव्हता. अंगठा काढला तर उद्याची परीक्षा गेली, म्हणजे ऑफिस गेलं. नाही काढला तर म्हाताऱ्या बापाला ताटकळत ठेवलं. मी गॅलरीकडे बघून हाक मारली. नेमकं कोणी नाही. बाबा खाटेच्या कडेला सरकले. मग त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि वॉकर स्वतःकडे ओढला.

"बाबा, नको. मी येते."

"तू बस. ता सोडू नको."

ते उठले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, कोणाचा हात न धरता. वॉकर पुढे ठेवायचे, थांबायचे, एक पाय, मग दुसरा. मला जागचं हलता येत नव्हतं. त्यांचा लेंगा माझ्या तोंडासमोरून गेला आणि मी मान वळवून बघत राहिले. अंगठा तेवढा दाबून धरला होता. मोरीच्या कठड्याशी, जिथे पडले होते तिथेच, ते बराच वेळ उभे राहिले. मग पाय उचलून आत ठेवला. परत येऊन खाटेवर बसले तेव्हा घामाने भिजले होते आणि चेहऱ्यावर असं हसू की मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"जमता माका," म्हणाले.

मला रडू आलं. लॅपटॉप बंद झाला, परत चालू झाला, निळा उजेड पडला, तरी मी अंगठा काढायचं विसरून रडत बसले. आनंद त्यांच्या चालण्याचा किती आणि माझ्या सुटण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. डोक्यात एकच चाललं होतं, यांना जमतंय, म्हणजे मला जाता येईल.

परीक्षा नीट झाली. पुढचा आठवडाभर बाबा मोरीपर्यंत एकटे जात होते. हाक न मारता. मी मुद्दाम पाठ करून भांडी घासत राहायचे आणि वॉकरचा टकटक आवाज ऐकायचे. एकदा तर दारापर्यंत जाऊन आले.

मग कंपनीतून फोन आला. दुपारची वेळ, बाबा जेवून पडले होते. बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅम, काँग्रॅच्युलेशन्स, तुमचं सिलेक्शन झालंय. तुमच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे ना? नवीन सिस्टीमवाला?"

"हो," मी म्हटलं. वर फुशारकीने सांगितलं, "मीच टाकली."

"मग बेस्ट. ऑफिसमध्ये मशीन कमी आहेत, म्हणून ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनाच इकडे बसवतोय. तुम्ही घरूनच करा, यायची गरजच नाही."

"मला यायला चालेल. जवळच राहते मी."

"नाही मॅम, जागाच नाहीये. आणि घरून तुम्हाला बरंच पडेल ना?"

एकदा वाटलं, सांगावं की बंद पडलाय, जळलाय, चोरीला गेलाय. पण बाबा डोळे उघडे ठेवून ऐकत होते, आणि आमच्या खोलीत कोणाच्या पाठी जाऊन खोटं बोलावं अशी जागाच नाही. मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला. बाबांनी विचारलं, "काय म्हणता ती?"

"पास झाले. घरूनच काम करायचंय."

"बरा झाला," बाबा म्हणाले. मनापासून म्हणाले, त्यात काही खोट नव्हती. "खय जाऊक नको."

मी लॅपटॉपकडे बघत बसले. राग आला होता, पण कोणावर काढायचा तेच कळेना. थोड्या वेळाने बाबांना मोरीत जायचं झालं. वॉकर खाटेला टेकलेला होता, हाताशी. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि माझ्यापुढे हात केला.

"धर गो," म्हणाले. "आता तू आसस मगे घराकच."