शिवीची चिठ्ठी

चौकातले सगळे त्यांना 'अहोजाहो' म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. एकतीस वर्षं पोलिसात काढलेला हा हवालदार कोणालाही अरे-तुरे करत नसे. पाकीटमाराची मानगूट धरली तरी, "अहो, जरा ठाण्यावर येता का?" असं विचारी. एका अट्टल चोराने इन्स्पेक्टर मॅडमकडे गाऱ्हाणं घातलं होतं, की मला मारा, कोंडून ठेवा, पण या हवालदारांना माझ्याशी असं बोलू देऊ नका. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शिवीचं तर नावच नको. पोलिसात राहून तोंडात शिवी नाही, हे पाण्यात राहून अंग कोरडं ठेवण्यासारखं. पण अहोजाहोंनी ते करून दाखवलं होतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "आईने बोलायला शिकवलं तेव्हा ते शब्द शिकवायचे राहून गेले."

या चांगुलपणाचा एक तोटा होता, आणि तो ठाण्याला सोसावा लागे. कोणी पोलिसाला शिवीगाळ केली तर फिर्यादीत नेमके शब्द लिहावे लागतात. नुसतं 'शिव्या दिल्या' म्हणून कोर्ट ऐकत नाही. कोणती शिवी, कोणाला, कशी, हे जसंच्या तसं हवं. अहोजाहो लिहीत, 'आरोपीने उच्चारण्यास अयोग्य असे शब्द वापरले.' मग कोर्टात वकील विचारी, "कोणते शब्द?" हवालदार मान खाली घालून उभे राहत, आणि आरोपी मिशीत हसत घरी जाई. असं तीनदा झालं होतं. मॅडमनी प्रत्येक वेळी कपाळावर हात मारून घेतला होता.

त्यांची निवृत्ती सात महिन्यांवर आली असताना ती दुपार उगवली.

दोन वाजले होते. भर चौक, डोक्यावर ऊन, शाळा सुटण्याची वेळ. पाणीपुरवठा खात्याची पांढरी सरकारी गाडी सिग्नल तोडून आली, रस्त्याच्या मधला लोखंडी कठडा तिने आडवा केला आणि पायी रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवर थांबली. तिथून चार पावलांवर मुलांची रांग उभी होती. चाक अजून थोडं पुढे गेलं असतं तर काय झालं असतं!

अहोजाहो धावत गेले. स्टिअरिंगवर खुद्द मोठे साहेब होते. पाणीपुरवठ्याचे मुख्य अभियंता. शेजारी त्यांचे हाताखालचे धाकटे साहेब. कोणाच्या तरी निरोपाचं जेवण झालं होतं, ड्रायव्हरला सुट्टी दिली होती, आणि दोघांच्या तोंडाचा भपकारा काच खाली होताच बाहेर आला.

या मोठ्या साहेबांना अहोजाहो अकरा वर्षं रोज सकाळी सलाम ठोकत होते. साहेबही आतून मान हलवत. पोलीस वसाहतीत चोवीस तास पाणी आलं ते यांच्याच सहीने. माणूस देवासारखा, असं हवालदार घरीदारी सांगत. त्यामुळे त्यांना आधी वाटलं, साहेबांना भोवळ आली असावी.

"साहेब, बरं नाही का तुम्हाला? जरा बाजूला सरकता का? मी गाडी लावतो."

साहेब दार उघडून खाली उतरले. डोळे तांबारलेले, शर्टाचं एक टोक बाहेर. त्यांनी हवालदारांच्या डोक्यावरची टोपी उडवली. ती गटाराच्या कडेला पडली. मग त्यांनी बोट रोखून हवालदारांच्या आईवरून एक शिवी दिली. ती इथे लिहायची नाही. मला ती लिहवत नाही. आणि ज्याला लिहावी लागली त्याचीच ही गोष्ट आहे.

अहोजाहो जागच्या जागी थिजले. शिव्या त्यांनी जन्मभर ऐकल्या होत्या, चोरांच्या, दारुड्यांच्या, पण त्या वाऱ्यावर जात. ही तशी नव्हती. त्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला जणू भर चौकात हाताला धरून आणून उभं केलं होतं. आणि आणणारा होता तो, ज्याला अकरा वर्षं सलाम केला.

मग त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला साहेब, ठाण्यावर चला. उन्हात उभे राहू नका."

दवाखान्यात दोघांचं रक्त घेतलं. अहवाल आला तसा मॅडमनी हवालदारांपुढे कागद सरकवला.

"लिहा फिर्याद. आणि हे बघा, तुमचं ते 'उच्चारण्यास अयोग्य' या वेळी नको. दारूचं प्रकरण रक्तावर उभं राहील, त्याचा दंड भरून ते उद्या खुर्चीत बसतील. वर्दीवर हात टाकला, आईवरून बोलले, ते सिद्ध व्हायला शब्द लागतील."

हवालदार पाऊण तास बसून होते. फिर्याद सुरेख अक्षरात लिहिली. शिवीच्या जागेवर आले आणि पेन थांबलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'शब्द सोबतच्या चिठ्ठीत आहेत.' मग एका वेगळ्या चिटोऱ्यावर, दुसऱ्याचं पेन मागून घेऊन, भिंतीकडे तोंड करून ती शिवी लिहिली, चार घड्या घातल्या आणि फिर्यादीला टाचली.

"स्वतःचं पेन विटाळेल म्हणून का?" मॅडमनी विचारलं.

"आईने दिलेलं आहे, मॅडम."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी ते तसंच पुढे पाठवलं, आणि तिथेच चूक झाली.

दोन्ही साहेब निलंबित झाले. वर्तमानपत्रात आलं, 'हवालदारास मातेवरून शिवीगाळ'. वसाहतीतल्या दोन खोल्यांत ते वर्तमानपत्र आईच्या हाती पडलं. म्हातारीचे डोळे अधू होते, पण कान ठणठणीत. तिने सुनेकडून बातमी दोनदा वाचून घेतली, आणि मुलगा घरी आल्यावर विचारलं, "मला काय म्हणाला रे तो?"

"काही नाही, आई. दारूच्या तारेत होता."

"शिवी माझ्या नावाने दिली ना? मग मला कळायला नको?"

"तू जेवलीस का?" हवालदार म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी ती विचारी, आणि ते दर वेळी हात धुवायला जात.

कोर्टात तारखा पडू लागल्या. चौकात चष्म्यांचं दुकान होतं. दुकानदार साक्षीला आला आणि म्हणाला, मला काही दिसलं नाही. लोकांची नजर तपासून देणारा माणूस! पण त्याच्या नळाला पाणी कोणाच्या खात्याचं येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या कॅमेऱ्यात साहेबांची नुसती पाठ दिसत होती. हात वर जातो, टोपी पडते. साहेबांचे वकील म्हणाले, तोल गेला, आधारासाठी हात उचलला. आवाज त्यात नव्हताच. धाकट्या साहेबांनी शपथेवर सांगितलं, "मी गाडीतच होतो. साहेब एक अक्षर बोलले नाहीत."

मग वकिलांनी चिठ्ठीला हात घातला. चिठ्ठीची शाई वेगळी, कागद वेगळा. ही चिठ्ठी इन्स्पेक्टर मॅडमनी मागाहून टाचली, हवालदाराने ती शिवी ऐकलेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. आता एकच वाट उरली होती. हवालदारांनी चिठ्ठी न बघता, स्वतःच्या तोंडाने, भर कोर्टात ते शब्द उच्चारायचे; आणि ते चिठ्ठीशी जुळायचे. नाही जमलं तर साहेब सुटून पुन्हा खुर्चीत. मॅडमवर खोटा पुरावा रचल्याचा ठपका. आणि हवालदारांची एकतीस वर्षं खोट्या फिर्यादीखाली मातीला मिळणार.

"जमेल ना?" मॅडमनी आदल्या दिवशी विचारलं.

"घरी आरशासमोर उभा राहून बघितलं, मॅडम. तोंडच उघडत नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

साक्षीच्या दिवशी हवालदार पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. त्यांनी समोर बघितलं. शेवटच्या बाकावर, सुनेच्या दंडाला धरून, आई बसली होती. येऊ नकोस म्हणून सकाळी हात जोडले होते. म्हातारी रिक्षा करून आली होती.

वकिलांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी चौकशी केली, आणि मग त्यांचा आवाज मधासारखा गोड झाला.

"हवालदार, तुमच्या मातोश्री आल्यात म्हणे. वा! घाई नाही. सावकाश सांगा. काय म्हणाले होते आमचे अशील?"

हवालदारांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. सून आईच्या कानाशी हात नेऊ लागली, तर आईने तो हात खाली केला.

"आठवत नाही का?" वकील म्हणाले. "की असं काही घडलंच नाही?"

न्यायाधीश पुढे वाकले. "हवालदार, अवघड आहे ते समजतं. पण कागद साक्ष देत नाही, माणूस देतो. सांगणार आहात का?"

मागच्या बाकावर धाकटे साहेब, आणि त्यांच्या पुढे आरोपीच्या जागी मोठे साहेब बसले होते. पांढरा शर्ट, चष्मा, केस विंचरलेले. दारूचा मागमूस नाही. सकाळच्या सलामाला मान हलवणारा तोच सज्जन माणूस. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना उशीर होत होता.

त्या घड्याळ बघण्याने काय झालं कोण जाणे. हवालदारांनी टोपी सरळ केली, दोन्ही हात कठड्यावर ठेवले, आणि बोलले. ना रागाने, ना पुटपुटत. साक्षीदार पत्ता सांगतो त्या स्वरात, एकेक शब्द सुटा करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या आईचं जे काही केलं होतं त्या वाक्यात ते सगळं.

टंकलेखकाची बोटं थांबली. दारातल्या शिपायाने तोंडावर हात ठेवला. दारुड्याच्या तोंडातून रोज ऐकलेली गोष्ट स्वच्छ दाढी केलेल्या, सभ्य म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकली तर किती भयंकर असते, हे तिथल्या प्रत्येकाला तेव्हा कळलं. इन्स्पेक्टर मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

सगळ्यात जास्त हबकले ते मोठे साहेब. त्यांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं, हे खरंच होतं. 'शिवीगाळ' हा शब्द त्यांनी सहा महिने वाचला होता, पण आपण काय बोललो ते आज पहिल्यांदा ऐकत होते. चेहरा पांढराफटक पडला. ते अर्धवट उठले आणि मागच्या बाकाकडे वळून, जणू आपल्या कचेरीतच आहोत अशा सुरात म्हणाले, "अहो, असं बोललो मी?"

धाकटे साहेब ताडकन उभे राहिले. एकोणीस वर्षं त्यांनी या माणसाच्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं.

"हो साहेब."

आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि हातातून सुटलेला दगड कधी परत येतो का? वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशांनी चिठ्ठीच्या चार घड्या उलगडल्या, वाचली, आणि शब्द जुळतात अशी नोंद करायला सांगितली.

पुढे सगळं रीतीने झालं. मोठ्या साहेबांना तीन महिने कैद झाली आणि नोकरीवरून काढलं. धाकट्या साहेबांवर शपथेवर खोटं बोलल्याचा वेगळा खटला उभा राहिला, नोकरी गेलीच. चौकातल्या लोकांना बरेच दिवस ते खरं वाटत नव्हतं. साहेब लोकांचंही असं होतं?

पण त्या दिवशी अहोजाहोंना या कशाचंच सुख नव्हतं. साक्ष टंकून झाली तशी कारकुनाने ती नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवली, शिवीसकट. म्हणजे तेच शब्द आईने दुसऱ्यांदा ऐकले. मग खाली बोट दाखवून तो म्हणाला, "इथे सही." आपल्या आईवरच्या त्या वाक्याखाली हवालदारांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात आई बाकावर बसली होती. त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना. एकतीस वर्षं जपलेलं सगळं एका वाक्यात गेलं, आणि तेही तिच्यासमोर, असं वाटून त्यांना स्वतःची किळस आली होती. ते चार हात लांबच थांबले.

"इकडे ये," आई म्हणाली.

ते गेले. तिने चाचपडत त्यांचा हात धरला आणि शेजारी बसवलं.

"सहा महिने विचारत होते ना मी तुला?"

"आई, तू यायला नको होतंस गं. तुला ऐकायला लागलं."

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "त्या दिवशी चौकात तू एकट्यानेच ऐकलंस रे."

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, वर्दीतच, लहान मुलासारखे रडू लागले. आईने त्यांचा हात सोडला नाही.