नुसतं तेल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायको होती तेव्हा तिच्यापाशीही नाही. ती गेली, आणि हे माझ्याजवळच राहिलं. तुम्हाला का सांगतोय? — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. गोष्ट एका मोटारीला घरच्या घरी पॉलिश करण्याची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. मीही कित्येक वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो.

तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होतं. मी सव्वीस वर्षांचा, शाळेत मास्तर. घर आष्टीला, आणि मी इथे नालवाडीला एका वकिलांच्या आवारात भाड्याच्या खोलीत. खोलीला लागूनच त्यांच्या मोटारीची टिनाची शेड. संध्याकाळी मी भात टाकायचा, पिठलं करायचं, वह्या तपासायच्या. समोर बंगल्यात पंगत बसायची. ताटांचा आवाज यायचा, हसणं यायचं, कधी फोडणीचा वास. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. येता-जाता "काय मास्तर" म्हणायचे. पण दीड वर्षात त्यांनी मला कधी आत बोलावलं नाही. मी रोज वाट पाहायचो, हेही आज सांगून टाकतो. सव्वीस वर्षांच्या माणसानं असं कुणाच्या फोडणीच्या वासावर जगावं का?

माझ्याकडे येणारा माणूस एकच. काशिनाथ मिस्त्री. मूळचे अल्लीपूरचे, साठी उलटलेली, लाकडाला पॉलिश करण्यात उभी हयात गेलेली. वकिलांच्या घरची एकूण एक खुर्ची, एकूण एक कपाट त्यांच्या हाताखालून गेलेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. दिवसाचं काम संपलं की माझ्या पायरीवर बसायचे, मी चहा टाकायचो. फार बोलणं नाही. पण चहा दोन कपांचा व्हायचा, आणि तेवढ्यानं माझी संध्याकाळ सरायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या पुढे-मागे वकिलांच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मोटार युद्धाआधीची, काळी, पण रंग मरून पाटीसारखा पांढुरका झालेला. ती घेऊन सोमवारी स्टेशनावर जायचं होतं. वकील शेडसमोर उभे राहून कुणाशी तरी म्हणाले, नागपूरहून माणूस बोलवावा लागेल. मी खोलीच्या दारात होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो की! मला येतं." येत होतं कुठे? मोटारीला कधी पाण्याचं फडकंही लावलं नव्हतं. पण वकिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं, नीट पाहिलं, आणि मला ते फार आवडलं.

मग मिस्त्रींचे पाय धरले. ते हसले. म्हणाले, "लाकूड काय अन् मोटार काय, मास्तर, कातडी सारखीच. करू आपुन."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर, वकील कोर्टात असताना, आम्ही दोघं लागलो. आधी रिठ्याच्या पाण्यानं धुतली, दोनदा. मग गोवरीची राख धोतराच्या कापडातून तीनदा चाळली, पाण्यात कालवली आणि त्या लगद्यानं रंग घासला — लांब, सरळ हात, गोल फिरवायचा नाही. मेलेला रंग निघून कापडाला काळा लागायचा आणि खालून खरा काळा वर यायचा. पुढे मेण. त्यांनी मला बाटली दाखवली. तारपिनाची. बूच काढून माझ्या नाकाशी धरली, वास दिला. मेण वितळवायचं, चुलीवरून उतरवायचं, मग त्यात हे ओतायचं. पातळ लावायचं, पांढुरकं सुकू द्यायचं आणि जुन्या मलमलीनं पुसून काढायचं. असं केलं की धूळ बसत नाही, पाणी थांबत नाही. ती बाटली शनिवारभर माझ्याच हातात होती. हे लक्षात ठेवा. मी विसरलेलो नाही.

रविवारी त्यांना अल्लीपूरला जाणं भाग होतं, पुतणीचं लग्न. जाताना पायरीवर उभं राहून म्हणाले, "मेन पातळ झालं का खाली उतरवजा, मंग तेल टाकजा. हलक्या हातानं लावजा. मी मंगळवारी येतो."

तेल टाकजा, असंच म्हणाले ते. त्यांच्या धंद्यात तारपिनाला नुसतं तेलच म्हणायचे. मला ते ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं.

रविवारी माझा धक्का लागून बाटली कलंडली. बूच मीच नीट बसवलं नव्हतं. अर्ध्याहून जास्त जमिनीत गेलं, उरलं ते एका दरवाजालाही पुरेना. दुकानं बंद. आता? वकिलांना जाऊन सांगायचं, की जमत नाही, की मला मुळात येतच नव्हतं? माझ्या फडताळात जवसाच्या तेलाची बरणी होती, आपल्याकडे असते तशी, भाजीला आणि चटणीला. जवसाचं तेल मिस्त्री दारांना लावतात, हे मी पाहिलं होतं. ते आठ-आठ दिवस सुकत नाही, बोटाला चिकटत राहतं, हेही पाहिलं होतं. तरी मी बरणी उपडी केली.

काय चमकली ती मोटार! तोंड पाहून घ्यावं. वकीलसाहेब बाहेर आले, भोवती एक फेरी मारली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "वा मास्तर! चला, जेवाले चला." — त्या रात्री मी त्यांच्या पंगतीत बसलो. वकीलीणबाईंनी आग्रह करून तिसरी पोळी वाढली. कुणीतरी विचारलं, एकट्यानं केलं? मी म्हटलं, हो.

काशिनाथ मिस्त्रींचं नाव मी त्या ताटावर घेतलं नाही. मला वाटतं, खरा घसरलो तो तिथेच.

सोमवारी सकाळी मोटार स्टेशनावर गेली. दिवस कापसाचे. सरकी काढायच्या जिनांपुढे गाड्यांच्या रांगा, हवेत रुई तरंगत असलेली, सगळं वर्धा नाक पुसत फिरायचं. तुम्हाला कळलंच असेल पुढचं. मोटार परत आली ती पांढरी होऊन. बॉनेटवर, टपावर, मडगार्डावर — रुई, धूळ, पाचोळ्याचा चुरा, सगळं तेलाला धरून बसलेलं. मुलाचे वडील उतरताना दाराला टेकले आणि त्यांच्या कोटाला लांबच लांब पिवळा पट्टा लागला. पाहुण्यांतली एक बाई हसू दाबत म्हणाली, "मोटारीले लोकर आली का जी?" आज मलाही हसू येतं. त्या दिवशी वकिलांच्या मुलीनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. मी रॉकेल घेऊन पुसायला धावलो, तर घासलेल्या रंगावर भराभर चट्टे पडले.

लग्न काही मोडलं नाही त्यामुळे, तेवढं बरं. पण पाहुणे गेल्यावर वकिलांनी मला शेडपाशी उभं केलं. आवाज चढवला नाही. "मास्तर, हे तेल लावाले तुमाले सांगितलं कोनं?"

त्या क्षणी माझ्यापुढे काय होतं, सांगू? तिसरी पोळी. आदल्या रात्रीचा तो दिवा, ती माणसं, पाठीवरचा हात. ते सगळं परत माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे जाणार होतं. मी म्हटलं, "काशिनाथ मिस्त्रींनी."

मंगळवारी मिस्त्री आले. अंगावर लग्नातलं नवं उपरणं, माझ्यासाठी पुडीत बुंदी. वकिलांनी त्यांना अंगणातच थांबवलं. "तुमी मास्तरले तेल टाकाले सांगितलं?"

"हो जी. मेन उतरवून तेल टाकजा म्हनलं."

"मंग पाहा काय करून ठेवलं ते."

मिस्त्रींनी मोटारीवरून बोट फिरवलं. ते बोट नाकाशी नेलं. जवस — त्यांना लगेच कळलं असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तुम्हाला सांगतो, त्या नजरेत राग नव्हता. ते नुसतं विचारत होते. "तारपीन म्हनलं ना मी, मास्तर?"

मी म्हटलं, "नाही. तुम्ही नुसतं तेल म्हणालात."

पाहा, यात एक शब्द खोटा नाही. मी कोर्टात शपथेवर हेच सांगितलं असतं आणि सुटलो असतो. ते नुसतं तेलच म्हणाले होते. पण बाटली त्यांनी माझ्या नाकाशी धरली होती, आणि ते मी बोललो नाही.

मिस्त्रींनी बोट उपरण्याला पुसलं. मनातल्या मनात तो शनिवार परत चालून पाहत असावेत. मग हळू म्हणाले, "म्हनलं असन बा. आता भरोसा नाई डोक्शाचा."

वकिलांच्या नव्या घराची दारं-खिडक्या पॉलिशला मिस्त्रींकडे येणार होती, ती नागपूरच्या माणसाकडे गेली. कोर्टाच्या बाररूममध्ये वकिलांत बोलणं झालं, काशिनाथ आता विसरते म्हणून, आणि बाकीच्या बंगल्यांची कामंही तुटली. हे वाईटच. पण याहून वाईट झालं ते असं, की त्यांनी स्वतः ते खरं मानलं. ज्या हातांनी चाळीस वर्षं न मोजता माप घातलं, ते हात थांबायला लागले. डबा उघडून वास घ्यायचे, बंद करायचे, पुन्हा उघडून घ्यायचे. मी पाहिलंय.

आणि मी? माझ्या पायरीवर ते येतच राहिले. मीच दार लावून घ्यायला लागलो. बाहेरून हाक यायची, "काऊन दार लावून बसता मास्तर? तब्येत तं बरी आहे ना?" मी आत वहीवर लाल पेन्सिल धरून श्वास रोखायचो. वकिलांच्या पंगतीचं बोलावणंही पुन्हा आलं नाही, ते यायचं नव्हतंच. मग मी एका कपाचा चहा करायला शिकलो. अजून तेवढाच करतो.

होळीच्या आधी एक दिवस ते दुपारीच आले, मी दार लावायच्या आत. हातात कोरा कागद, चार घड्या घातलेला. म्हणाले, "मास्तर, एवढं लिहून द्या. मी विसरून राह्यलो आता. कामावर गेलो का कोनाकून तरी वाचून घेईन."

मी टाक घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मेण किती. आधी उतरवणे. मग तारपीन तेल. माझं अक्षर सुरेख होतं, शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो.

"अन् खाली लिहा — जवसाचं नाई."

लिहिलं. जवसाचे नाही. त्यांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, घडी घातली आणि तंबाखूच्या डबीत ठेवली. उठले. दारात वळून हात जोडले.

"तुमचं बी नाव खराब झालं मास्तर, माह्यापायी. तुमी वकीलसायबाच्या पोरीच्या कामासाठी एवढं राबले. माफ करजा मले."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी ऐकायला नव्हतं. वकील नव्हते, पंगत नव्हती, जायचं असं काही उरलंही नव्हतं माझं.

मी म्हटलं, "असू द्या, मिस्त्री. होतं असं."

मी त्यांना माफ केलं.