खंडेनवमीची साफसफाई

दसरा सरला तरी केशवापुरात सकाळपासून ढग दाटून उकडत होतं. हेमावतीनं आपल्या कॉम्प्युटर क्लासची टेबलं पुसली आणि पहिलं मशीन चालू केलं, मग उरलेली चार. सगळ्यांच्या पडद्यावर लायनक्सऐवजी विंडोज. आठ पोरींनी सहा महिने खपून केलेलं काम पाचही मशीनांवरून गायब.

"खंडेनवमीच्या पूजेला मीच सगळं आतनं स्वच्छ करून घेतलं, वहिनी," दीर सुधींद्र कौतुकानं म्हणाला. "मित्राकडची कॉपी घातली. फुकटातल्या सिस्टीमला हार शोभतोय होय?"

हेमावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फुकटातली नव्हे, भावजी, सगळ्यांसाठी खुली. आतलं कोड पोरी वाचतात, बदलतात, चार जणींना वाटतात. तुमची ही चोरीची. चोरीच्या मालाला कुंकू लावलंत. सोमवारी पोरी आपलं काम दाखवून तारिहाळच्या कंपनीत नोकरी मागणार होत्या. आता झेंडू दाखवतील?"

"अय्यो, पुसलेलं परत येत नाही काय?"

"नाही येत. दहाला पोरी येतील. त्यांना तुम्हीच सांगायचं."

तिनं लायनक्स पुन्हा चढवायला सीडी पहिल्या मशीनमध्ये सारली आणि कळशी घेऊन पोरींसाठी माठ भरायला गेली.