पाऊस सासरी पडला

विमानात नोकरी म्हटलं की लोक हेव्यानं बघतात. एकदा बसा म्हणावं माझ्या खुर्चीत. विमान लहान, दोन पंख्यांचं. आतल्या प्रवाशांच्या सीटा काढून तिथं यंत्रांची कपाटं उभी केलीत आणि त्या कपाटांच्या बेचक्यात गुडघे मुडपून मी बसते. बाहेरची हवा नळीनं आत येते, तिच्यात धूर किती, धूळ किती, मीठ किती ते यंत्रं मोजतात. पंखाखाली डबे लटकवलेत, ते ढगातले थेंब मोजतात. सगळं धड चालतंय की नाही हे बघायचं, एवढंच माझं काम. ढगात शिरलं की विमान असं आपटतं की सकाळचा चहा घशाशी येतो. एका हातात कागदी पिशवी आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबायची. पहिल्या वर्षी मला यात मजा वाटायची. आता तळावर उतरले की आधी बूट काढते आणि मिळेल त्या बाकावर आडवी होते.

प्रयोग कृत्रिम पावसाचा आहे. विमानं दोन आहेत. एक ढगाच्या बुडाशी जाऊन पंखावरची नळकांडी जाळतं, त्यातून मिठाचा बारीक धूर निघतो आणि ढगात चढतो. दुसरं आमचं. आम्ही ढगात आधी शिरून मोजतो आणि नंतर पुन्हा शिरून मोजतो. आमच्या विमानात मिठाचा खडासुद्धा नसतो. बरं, त्या पहिल्या विमानानंही प्रत्येक ढगात मीठ सोडायचं नसतं. काही ढगांत सोडायचं आणि काही मुद्दाम तसेच ठेवायचे, म्हणजे फरक कळेल. कुठला ढग कुठल्या वाट्याला, हे संगणक ठरवतो. त्यात आमची कोणाची मर्जी चालत नाही.

हे सगळं मी माहेरी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. माहेर केळझरजवळ, सेलू तालुक्यात. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणजे मोठा भाऊ आणि वहिनी. दोघं मिळून भाजीपाला पिकवतात आणि सेलूच्या बाजारात नेतात. दादा माझं सगळं नीट ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, मध्येमध्ये "हौ, हौ" करायचा. मी हुश्श करायची, की चला, समजलं एकदाचं. मग मी निघाले की फाट्यावर बसची वाट बघता बघता तो म्हणायचा, "ते समजलं बाई मले. पण इकडून जाशीन तं थोडंसं टाकून जाजो."

दरवेळी हेच. जसं काही मी पर्समध्ये मीठ घेऊन फिरते. आधी मी चिडायची. नंतर नंतर नुसतं "हो रे बाबा" म्हणून बसमध्ये चढायला लागले.

या वर्षी सुरुवात बरी झाली होती. दादानं अर्ध्या शेतात वांगी लावली. रोपं धरली, वाढली, आणि श्रावण तोंडावर असताना पावसानं दडी मारली. आम्ही नागपूरच्या तळावर बसून. पाऊस नाही म्हणून लोकांची तोंडं सुकलेली आणि पाऊस नाही म्हणूनच आमचीही. कारण ढग नसेल तर आम्ही उडून करायचं काय? मीठ टाकून कोरड्या आभाळातून पाणी निघत नाही. ढग मुळात भरलेला लागतो. सकाळी यंत्रं सुरू करून तापवत ठेवायची आणि रडारसमोर बसायचं. दुपारी दोनचार पुंजके वर येतात, आम्ही पट्टे आवळून तयार होतो, आणि उडेउडेपर्यंत ते विरतात. मग यंत्रं बंद करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उडण्यापेक्षा या बसण्यानंच मी जास्त थकले. त्यात दादाचा रोज फोन.

"आज इकडे लय ढग हाये, बाई. येऊन राह्यली का?"

"ते ढग पातळ आहेत, दादा."

"वरून पातळ दिसत असन. खालून पाह्य ना."

विहिरीत पाणी तळाला गेलं होतं. मोटर लावली की थोडं खाकरायची आणि हवा ओढायची. शेजाऱ्यांनी उभी भाजी नांगरून मोडली. दादा काही मोडेना.

आणि एक दिवस ढग आला तो देवळीवर. देवळी माझं सासर. चांगला बुडापासून माथ्यापर्यंत भरलेला, काळाभोर ढग. दोन्ही विमानं गेली. खालून रेडिओवर निरोप आला, की हा ढग तसाच सोडायचा. पहिल्या विमानानं बुडाशी नुसत्या फेऱ्या मारल्या, एकही नळकांडं जाळलं नाही. आम्ही आत शिरून मोजलं, आपटून घेतलं आणि परत आलो. मी बूट काढत होते तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"पडला गं माय. धो धो पडून राह्यला. मी साऱ्या गल्लीत साखर वाटली. म्हटलं, आमच्या सुनेनं पाडला."

मी म्हटलं, "आई, मी नाही पाडला."

"राहू दे. मोठेपणा नाई करत तू, माहीत हाये मले."

 अंगात त्राण नव्हतं. मी फोन ठेवला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मीच केला तर वहिनीनं उचलला. माझी वहिनी मोठी बोलघेवडी, पण त्या दिवशी तोलून मापून बोलत होती. "देवळीले पडला म्हणे," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "गावात लोक म्हणून राह्यले, पोरगी शेवटी सासरचीच होते. माहेर कोरडं ठेवलं आन् सासर भिजवलं."

"आणि दादा?"

"ते काहीच नाई म्हणत."

मला इतका राग आला म्हणता! यंत्रांच्या मध्ये अंग मोडून घ्यायचं, पोटातलं पिशवीत काढायचं, आणि वर हे ऐकायचं. मी काय आकाशातली तलाठी आहे, याच्या नावावर ढग, त्याच्या नावावर ढग? आणि लोकांचं सोडा हो. दादा गप्प बसला हे लागलं. राखी चारआठ दिवसांवर आली होती. दरवर्षी दादा आठवडाभर आधीच विचारतो, कधी येतेस म्हणून. या वर्षी विचारलं नाही. त्यानं माहेरची वाटच बंद केली तर मी जाणार कुठे, हा विचार मनात घर करून बसला. सासर कितीही चांगलं असलं तरी तिथं मी सून आहे. दमून गेल्यावर कोणी काही न विचारता चटई टाकून देतं असं घर मला एकच आहे.

राखीला न बोलावताच गेले. दोन दिवसांची सुटी मिळाली, नागपूरहून बस धरली आणि फाट्यावर उतरले. तिथं एक काकू शेळ्या घेऊन बसल्या होत्या. लहानपणापासून मला ओळखतात. म्हणाल्या, "आली का पाऊसवाली? छत्री आणली का तुह्या भावाले?" मी हसले. दुसरं काय करणार?

दादानं पाट मांडून ठेवला होता. ते पाहूनच माझा जीव भांड्यात पडला. त्यानं हात पुढे केला, मी राखी बांधली, वहिनीनं साखर दिली. पण बोलणं नाही. जेवणं झाली. ऊन उतरल्यावर तो उठला आणि म्हणाला, "चाल, वावर पाहू."

आजूबाजूची सगळी शेतं मोडून काळी केलेली, आणि मध्ये दादाची वांगी उभी. पानं खाली लोंबलेली, पण हिरवी. जांभळी फुलंही होती. मला नवल वाटलं. म्हटलं, मोटर तर पाणी धरत नाही. तेव्हा त्यानं दाखवलं. विहिरीत उतरून दादा बादली भरायचा, वहिनी वर ओढायची, आणि एकेका झाडाच्या बुडाला गडवाभर पाणी. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा संध्याकाळी. वहिनीच्या दोन्ही तळव्यांना दोराचे वळ पडले होते. दुपारी वाढताना ती हात का झाकत होती ते मला तेव्हा कळलं.

बांधावर बसल्यावर दादानं विषय काढला. "एक सांग बाई. रागानं नाई विचारून राह्यलो. देवळीचा तूच पाडला ना?"

कुठल्या ढगात मीठ टाकलं आणि कुठल्यात नाही, हे प्रयोग संपेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं. पण वहिनीचे तळवे माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते.

"नाई दादा. त्या ढगात कोणीच काई टाकलं नाई. तो आपला आपण पडला."

"कोणीच नाई?"

"कोणीच नाई. आन् माह्या विमानात तं टाकाले काही राह्यतच नाई. मी मोजते."

"मोजून काय होते?"

"टाकलं तं जास्त पडते का, हे समजन कधीतरी."

"म्हणजे ते बी अजून समजलं नाई?"

"पक्कं नाई."

त्यानं बांधालगतच्या रोपाचं एक सुकलेलं पान खुडलं. मग म्हणाला, "लोक म्हणत, तिनं सासरी पाडला. मले बरं वाटे. म्हटलं, तिकडे पाडला तं इकडे बी पाडन. मीच तुह्यावर रुसून बसलो होतो. म्हटलं, बहीण हाये, भाऊ रुसला तं येईनच."

मला रडू आलं. रागावला, रागावला म्हणून मी इतके दिवस कुढत होते, आणि त्या रागाच्या भरवशावर हा माणूस विहिरीत उतरत होता. मी म्हटलं, "दादा, आणखी थोडे दिवस पाह्य." तो म्हणाला, "तुही वयनी थकली." तेवढंच.

सकाळी मी उठले तेव्हा घरात कोणी नव्हतं. शेतावर गेले तर दोघं वांगी उपटत होती. पाण्यावाचून टणक झालेली जमीन रोप सोडत नाही, दादाला दोन्ही हात लावावे लागत होते. मी पदर खोचला आणि पलीकडच्या ओळीला लागले. वहिनी म्हणाली, "तू नोको करू, थकून आली." मी करत राहिले. 

निघताना वहिनीनं ओटी भरली. गहू, नारळ, आणि उपटलेल्या झाडांची बोटाएवढी कोवळी वांगी. दादा फाट्यावर सोडायला आला. बोलणं आता पहिल्यासारखं झालं होतं. वरती थंडी वाजते का, जेवण कसं देतात, सगळं विचारलं त्यानं. बस दिसली तसं मी मनातल्या मनात "हो रे बाबा" तयार ठेवलं.

त्यानं माझी पिशवी आत चढवून दिली आणि म्हणाला, "सांभाळून जाजो, बाई."

मी पायरीवर थांबले. पुढचं तो काही बोललाच नाही.