वस्तादांच्या नडग्या

नवा मुलगा मैदानावर आला की वस्तादांच्या आवाजाला घाबरण्याआधी त्यांच्या नडग्यांना घाबरत असे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय लाकूड फोडायच्या ठोकळ्यासारखे दिसत. जुन्या जखमांचे पांढरे वण, त्यांवर काळसर खपल्या, मध्येच एखादा निळा फुगवटा. खेळणे त्यांनी केव्हाच सोडले होते, पण हाफ पँट सुटली नव्हती. या खुणा त्यांच्या खेळण्याच्या दिवसांतल्या, असे आम्ही कामठीची पोरे एकमेकांना अभिमानाने सांगत होतो. जुन्या वणावर ताजी खपली कशी येते, हा प्रश्न त्या वयात मला पडला नाही. पुढेही बरीच वर्षे पडला नाही.

त्यांचे घराणे कोष्ट्यांचे. घरचा हातमाग बंद पडल्यावर ते पॉवरलूमवर कामाला लागले आणि संध्याकाळी आमच्या क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवू लागले. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे, आणि मला मोठ्याने. पहिल्याच आठवड्यात माझा पाय एका मोठ्या खेळाडूला लागला आणि मी सवयीने 'सॉरी दादा' म्हणालो. वस्तादांनी मागून येऊन अशी थप्पड मारली की ओठ दातांत सापडून फुटला.

"सॉरी घरी मायले म्हणजो," ते ओरडले. "मैदानावर बॉल मांगाचा, माफी नाही!"

त्या थपडेचे समर्थन मी करणार नाही. मारल्याने मूल घडते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण रक्त थुंकून मी चेंडू मागितला आणि तो मला मिळाला, हेही खरे आहे.

मुलगा पहिल्या संघात जाण्याची त्यांची एक रीत होती. तिला 'जागा मागणे' म्हणत. पोरगा तयार झाला असे वाटले की वस्ताद त्याला ज्याची जागा हवी त्या खेळाडूपुढे नेऊन उभा करत, आणि पोराने सर्वांसमक्ष म्हणायचे, "दादा, तुमची जागा मांगतो." येणाऱ्या रविवारी सरावात दोघे एकमेकांसमोर खेळत. त्या दिवशी वस्ताद शिट्टी खिशात टाकत. फाउल नाही, थांबणे नाही. जागा द्यायची नसेल तर जुन्याने ती पायाने राखायची, हवी असेल तर नव्याने पायाने घ्यायची.

मी शंकरदादाची जागा मागितली. तो मैदानाच्या मध्यावर खेळे आणि दिवसा वाडी गावच्या गोदामांत ट्रकमध्ये पोती चढवी. माझे बोलणे ऐकून तो हसला.

"घेऊन जाय गा. पाय मात्र इथंच ठेवजो."

त्या रविवारचे मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. त्याचे कोपर माझ्या तोंडावर बसले आणि जिभेवर दाताचा तुकडा आला. पडलो तेव्हा मुरमाने कोपराची साल गेली. उठलो तसा त्याने पोटरीवर बूट रोवला. मीही त्याच्या घोट्यावर लाथ घातली. त्याच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला आजही भीती वाटते. वस्ताद हात मागे बांधून आमच्या अगदी जवळ, जवळजवळ अंगावर, फिरत होते. शेवटी चेंडू आम्हा दोघांच्या मध्ये पडला आणि शंकरदादाचा बूट सरळ माझ्या गुडघ्यावर आला. बूट हाडावर आदळल्याचा आवाज मी ऐकला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दुखत नव्हते. चेंडू माझ्या पायाशी होता आणि वस्ताद लंगडत बाजूला होऊन ओरडत होते, "खेल बे! काय पाहून राहिला?"

दुखले नाही, याला मी धैर्य समजलो. वेदना जिथे संपते तिथे पहिला संघ सुरू होतो, असे एक वाक्यही मी मनाशी तयार केले आणि पुढे कितीतरी पोरांना ऐकवले.

जागा मिळवणे हे त्यांच्या लेखी अर्धेच काम होते. पहिल्याच सामन्यात मी गोल केला, लोकांनी खांद्यावर घेतले, आणि पुढच्या सामन्यात वस्तादांनी मला बाहेर बसवले. मी रडकुंडीला आलो. ते शेजारी बसून शेंगदाणे सोलत होते. "एक दिवस तं कोणीही खेळते," त्यांनी मला शेंगदाणे दिले. "टाळ्या पचू दे. मंग भाकर देतो." शंकरदादालाही त्यांनी टाकले नाही. त्याला मागच्या फळीत नेले आणि मला सांगितले, "तुह्या मागं तोच उभा राहीन. आता त्याच्या भरोशावर पुढं जाय." ज्याने माझा दात तोडला त्याच्या भरवशावर मी पुढे अनेक वर्षे खेळलो. नेहमीचा खेळाडू म्हणतात तो मी असा झालो.

वस्ताद थकले तेव्हा क्लबची पोरे माझ्याकडे आली. मी त्यांची सगळी रीत उचलली, फक्त थप्पड सोडली, आणि तेवढ्यावरून स्वतःला त्यांच्याहून सभ्य समजू लागलो. काठी टेकत ते संध्याकाळी येत, कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत. मीही त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसे.

मागच्या उन्हाळ्यात साहिल नावाच्या पोराने विक्कीची जागा मागितली. साहिल चपळ, हडकुळा. विक्की व्यायामशाळेत कमावलेला. मी शिट्टी खिशात टाकली आणि वस्तादांकडे पाहिले, शाबासकीसाठी.

"काय बे, मायले सांगून आला का?" असे विचारत विक्कीने त्याला पहिल्याच धडकेत उताणा पाडला. साहिलच्या नाकातून रक्त आले. त्याने बाहीने ते पुसले आणि चेंडू मागितला. विक्कीने पुन्हा पाडले, पडलेल्याच्या बरगडीत गुडघा घातला. पोरे आरडाओरडा करू लागली. साहिल पुन्हा उठला, या वेळी वाकडा. मला त्याचा अभिमान वाटत होता.

"काहून बसून राहिला गा?" वस्ताद म्हणाले.

"उठून राहिला ना तो, वस्ताद. असंच होते पोरगं तयार."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी कोण हे त्यांना आठवत नसावे. मग ते उठले. काठी खुर्चीपाशीच राहिली. इतका म्हातारा माणूस इतक्या लवकर मैदानात कसा पोचला, ते मला अजून कळलेले नाही. साहिलचा पाय जमिनीवर रोवलेला होता, विक्की पूर्ण वेगाने बूट पुढे काढून घसरत येत होता, आणि त्या दोहोंच्या मध्ये वस्तादांनी आपली नडगी घातली.

तोच आवाज. या वेळी मी डोळे मिटले नव्हते. हाड कातडी फाडून बाहेर आलेले मी पाहिले. विक्की तिथेच ओकला. साहिल धडधाकट पायांवर उभा राहून ओरडत होता, आणि वस्ताद मुरमावर पडल्या पडल्या त्याला म्हणत होते, "खेल बे... काय पाहून राहिला?"

दवाखान्यात मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. एक पाय प्लास्टरमध्ये होता, दुसरा उघडा. त्यावरचा एकेक वण मी पाहत होतो. त्यांतला माझा कोणता, हे विचारायचे होते. तोंडून निघाले ते दुसरेच.

"माफ करा, वस्ताद."

"मैदानावर माफी नाही."

"हे मैदान नाही वस्ताद."

त्यांनी उघड्या पायावर चादर ओढली. मग म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकले, "शिट्टी मी खिशात ठेवत होतो गा. पाय नाही ठेवला कधी खिशात."

त्या खाटेवरून ते उठले नाहीत. दिवाळीच्या आत गेले. खांदा द्यायला शंकरदादाही आला होता. तिरडी उचलताना त्याने माझ्या मागची जागा घेतली.

साहिल आता विक्कीच्या जागेवर खेळतो, विक्की त्याच्या मागे. मैदानाच्या कडेची माझी खुर्ची मी काढून टाकली. जागा मागण्याची रीत मोडावी की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. अजून मोडलेली नाही, कदाचित मोडायला हवी. काल संध्याकाळी मोरीवर पाय धूत होतो, तेव्हा बायको दिवा घेऊन आली आणि खाली वाकून पाहू लागली.

"अवं माय! या वयात तुम्हाले कोन लाथा मारून राहिलं?"

मी तांब्या भरला. नडग्यांवर पाणी ओतले. चांगलेच दुखत होते.