रजिस्टरात एकदाच आलेलं नाव

आमच्या ऑफिसात दोन खिडक्या. जन्माच्या खिडकीवर मोजणीसाहेब, मृत्यूच्या खिडकीवर मी. मधे लाकडी फळी, तीही अर्धीच, त्यामुळे सत्तावीस वर्षं त्यांचं प्रत्येक बोलणं माझ्या कानावर पडत आलं. मला ऐकायची हौस होती असं नाही. पण माझ्या खिडकीवरची माणसं फारशी बोलत नाहीत, आणि रिकाम्या कानांना काहीतरी उद्योग लागतोच.

मोजणीसाहेब हे नाव आम्ही पाडलेलं. वर्ष संपलं की हा माणूस सगळं रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून काढायचा आणि त्या वर्षी कुठलं नाव किती पोरांना ठेवलं ते मोजायचा. कोणी सांगितलं नव्हतं, वरून तसा आदेशही नव्हता. मोजून झालं की फूलस्केपवर यादी करून खुर्चीच्या मागच्या भिंतीवर चिकटवायचे. यादीत वर असलेल्या नावांवर त्यांचा राग. "एकशे बारा," ते रांगेतल्या कोणालाही ऐकवायचे. "एका नावाच्या एकशे बारा मुली. उद्या शाळेत बाईंनी हाक मारली तर अर्धा वर्ग उभा राहील." रांगेत त्याच नावाचा अर्ज घेऊन उभे असलेले आईबाप कसनुसं हसायचे. त्यांच्या तोंडाकडे बघायचं भान साहेबांना नसायचं.

त्यांच्या बायकोला दिवस गेले तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं की आपल्या घरात येणारं नाव यादीत कुठेच नसलं पाहिजे. शून्य पाहिजे. त्याच सुमाराला अरबी शिकवणारे एक मास्तर नातवाची नोंद करायला आले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि मुलगीच होणार हे धरून मुलींची नावं लिहून मागितली. मास्तर भिडस्त. त्यांनी अकरा नावं लिहून दिली. पुढचा आठवडाभर साहेब जुनी रजिस्टरं उपसत होते. एकेक नाव सापडलं की कागदावर काट मारायचे. दहा गेली, एक उरलं. रुवैदा.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यातून थेट ऑफिसात आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्यात चांगल्या पेनाने नोंद केली. मग मला फळीवरून रजिस्टर दाखवलं. "सत्तर वर्षांत पहिलं," म्हणाले. मी म्हटलं, छान आहे. काय बोलणार? त्या दिवशी सगळ्या ऑफिसला चहा त्यांच्याकडून होता.

पुढचं मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याबरोबर होतो. महिन्याभराने त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, नावाचा अर्थ काय हो?" आणि साहेब बाळाचं दुपटं सारखं करायला लागले. त्यांनी अर्थ बघितलाच नव्हता. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघे त्या मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीपर्यंत पुस्तकं. मास्तरांनी जाड कोश काढला, पण उघडला नाही. त्याची गरज नव्हती. "रुवैद म्हणजे सावकाश, हळूच, घाई न करता," ते म्हणाले. "त्यावरून हे नाव. हळुवार पावलांनी चालणारी असा अर्थ धरा. शब्द रोजचा आहे, पण मुलीचं नाव म्हणून तिकडेही कमीच ऐकू येतं."

"कमीच," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. अर्थापेक्षा तेच त्यांना आवडलं.

त्यानंतर मात्र ते सगळ्यांना सांगू लागले की अर्थ मनात भरला म्हणूनच नाव निवडलं. मी कधी मधे तोंड घातलं नाही. शेजाऱ्याची एवढी फुशारकी चालवून घ्यावी लागते.

पोरगी नावाला अजिबात जागली नाही. घरभर धावायची, जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरायची, बोलायची तर समोरच्याचं वाक्य स्वतःच संपवायची. घरात तिला चिमी म्हणायचे. बाहेर मात्र नावापुढे प्रश्नांची रांग लागायची. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे तेच. काय म्हणालात? परत सांगा. कुठलं नाव? अर्थ काय? कोणी ठेवलं? एकदा ऑफिसात डबा द्यायला आली होती, तेव्हा नवीन शिपायाने हेच चार प्रश्न ओळीने विचारले आणि तिने चार उत्तरं एका श्वासात दिली. पाठच होती तिला.

पुढे तिला फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी लागली. फोन उचलला की आधी स्वतःचं नाव सांगायचं असा तिथला नियम. तिने नाव सांगितलं की गिऱ्हाईक तक्रार विसरून नावातच अडकायचं. आठवड्याभरात तिच्या वरच्या बाईंनी तिला एक साधं, छोटं नाव देऊन टाकलं. दिवसाचे आठ तास ती दुसरीच कोणी असायची. हे ऐकून साहेबांचा पारा चढला होता. "एकुलतं एक नाव," ते मला म्हणाले, "आणि त्या बाईने बदलून टाकलं." मला त्यात तक्रार करण्यासारखं फार दिसलं नाही. पण त्यांना ते जिव्हारी लागलं होतं, हे कळत होतं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी चिमी रांगेत उभी राहिली. डबा नव्हता, हातात अर्ज होता. साहेब म्हणाले, "इकडून आत ये की." ती म्हणाली, "नाही बाबा, रांगेतच बरी." नंबर आला तेव्हा तिने अर्ज खिडकीतून आत सरकवला. नाव बदलण्याचा अर्ज होता. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत न वाचताच फळीवरून माझ्याकडे दिला. नात्यातला अर्ज असला की शेजारच्या टेबलाने बघायचा, असा आमचा नियम आहे. नियम त्यांचाच, मी त्याआधी कधी वापरलेला नव्हता.

मी वाचला. सध्याचं नाव, रुवैदा. नवं नाव जे लिहिलं होतं ते तिच्या जन्माच्या वेळच्या यादीतलं सगळ्यात वरचं, एकशे बारा मुलींचं. खाली कारणाचा रकाना. तिथे लोक सहसा 'वैयक्तिक' लिहून मोकळे होतात. तिने पूर्ण वाक्य लिहिलं होतं. जन्माच्या वेळी नाव ठेवताना आईला विचारलं नव्हतं.

मी कागद खाली ठेवला. साहेबांनी हात पुढे केला. नियमात बसत नव्हतं, तरी मी दिला.

त्यांनी कारण वाचलं, मग वरचं नाव वाचलं. बराच वेळ त्यांचं बोट त्या नावावर होतं. "हे आईनं सांगितलं तुला?"

"मी विचारलं तेव्हा सांगितलं. परवा. माझ्या वेळी काय नाव मनात होतं म्हणून विचारलं."

"मला का नाही बोलली ती?"

"तुम्ही संध्याकाळी नोंद करूनच आला होतात ना, बाबा. आई म्हणते, एवढे खूश होतात की तिला काही बोलवेना."

रांगेतला एक माणूस खाकरला. साहेब अर्जाचा दुमडलेला कोपरा सरळ करत राहिले. "अर्थ चांगला आहे गं रुवैदाचा," ते म्हणाले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता.

"मला आवडतो अर्थ," चिमी म्हणाली. "पण तुम्ही आधी अर्थ बघितला होता की आकडा?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलरमधली पिन सरळ करत बसलो. शेवटी ते म्हणाले, "आकडा." मला त्या क्षणी त्यांचं वाईट वाटलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आदरही वाटला.

अशा अर्जाची नोटीस बाहेरच्या फळ्यावर पंधरा दिवस लावतात. कोणाची हरकत असेल तर त्याने लेखी द्यायची. बापाचीही चालते. ऑफिसात पैजा लागल्या. माळ्यापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की मोजणीसाहेब हरकत घेणार. ते रोज येता-जाता फळ्यासमोर थांबायचे, नोटीस वाचायचे आणि खिडकीवर येऊन बसायचे. घरी काय चाललंय ते बोलत नव्हते. मी विचारलंही नाही. चिमी मात्र मला फोन करून विचारायची, "काका, काही आलं का?" मी सांगायचो, अजून नाही. तिचा आवाज ऐकून कळायचं की तिला नावापेक्षा या उत्तराचीच धास्ती आहे.

पंधराव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी दोनच्या सुमाराला मी मान वर केली तर ते माझ्या खिडकीबाहेर उभे. बाहेरच्या बाजूला, लोकांच्या रांगेत. शेजारी त्यांची बायको. वहिनींना मी सत्तावीस वर्षांत या ऑफिसात कधी बघितलं नव्हतं. चप्पल नवी होती, आणि त्या सारख्या भिंतीवरच्या याद्यांकडे बघत होत्या.

"हरकत?" मी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "मला हिला काहीतरी विचारायचंय. घरी चार-पाचदा तोंड उघडलं, पण जमलं नाही. इथे जमेल असं वाटलं."

मग ते खिडकीकडे पाठ करून बायकोकडे वळले. रांगेतले तिघे-चौघे होते, मी होतो, ऑफिसातले सगळे कान टवकारून होते. "अगं," ते म्हणाले, "आपल्या मुलीचं नाव काय ठेवायचं?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. उत्तर द्यायची घाई केली नाही. डोळे पुसले, पदर नीट केला. मग त्यांनी ते नाव सांगितलं, एकदाच, हळू आवाजात. सव्वीस वर्षं त्यांनी ते कोणालाच हाक मारायला वापरलेलं नव्हतं.

मी फळीपलीकडून जन्माचं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं.